डार्कटेबल वर्षभर वापरून: डोंगर झकास, बगळा जमला, घुबडाने मात्र दमवलं

आधीच सांगून टाकतो, मी प्रोफेशनल वगैरे काही नाही. सुट्टीच्या दिवशी अंधारातच उठायचं, ट्रायपॉड खांद्यावर टाकायचा, उजेड येईपर्यंत कुडकुडत बसायचं आणि घरी येऊन चारशे फोटोंतले तीन ठेवायचे, एवढीच आपली फोटोग्राफी. डोंगर-पाणी-आकाश आणि पक्षी-प्राणी, बस. लग्नाचे, माणसांचे, प्रॉडक्टचे फोटो मी काढत नाही, त्यामुळे त्या कामाला हे सॉफ्टवेअर कसं आहे ते मला विचारू नका.

तर डार्कटेबल. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेला कच्चा माल, डेव्हलप करायचं सॉफ्टवेअर, फुकट आणि ओपन सोर्स, 2009 पासून चालू आहे. लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर चालतं, विंडोजवर जरा उशिराच आलं म्हणजे 2017 च्या डिसेंबरात. नाव लाइटटेबल आणि डार्करूम या दोन शब्दांची गाठ मारून केलंय आणि आतमध्येही तेच दोन मुख्य भाग आहेत, लाइटटेबलवर फोटो निवडायचे आणि डार्करूममध्ये एडिट करायचे. वर्षातून साधारण दोनदा नवीन व्हर्जन येतं, एक वर्षाच्या मध्यात आणि एक ख्रिसमसच्या आसपास. 5.0 डिसेंबर 2024 मध्ये आलं.

आता जे कोणी "फुकट आहे ना, मग टाकून बघू" असं म्हणून उघडतात ते पहिल्या अर्ध्या तासात बंद करतात, कारण मी स्वतः तेच केलं होतं. दोनदा. पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझा तळ्यावरच्या पहाटेचा फोटो, जो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून मी जवळजवळ नाचलो होतो, तो इथे असा दिसत होता की कोणीतरी दोनदा धुवून वाळत घातलाय. फिका, मळकट, रंग बसलेले. मला वाटलं सॉफ्टवेअरच गंडलंय. बंद केलं, दोन-तीन महिने तिकडे बघितलंही नाही.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपण रॉ बघतच नसतो, त्या फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवून ठेवलेला छोटा जेपेग बघत असतो, आणि त्या जेपेगवर कंपनीने आपल्या मर्जीने कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, शार्पनिंग सगळं चोपडलेलं असतं. तो गोड दिसतोच, तसा दिसावा म्हणूनच बनवलेला असतो. बाकीची बरीच सॉफ्टवेअरं उघडल्या उघडल्या साधारण त्याच्याच जवळपासचं काहीतरी दाखवतात. डार्कटेबल ते करत नाही, ते तुम्हाला डाळ-तांदूळ हातात देतं आणि म्हणतं शिजव. मला हे आता आवडतं, पण तेव्हा डोक्याला ताप वाटला होता हे खोटं कशाला बोलू.

रॉ का, जेपेग का नको, यावर फार बोलत नाही कारण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, फक्त एक आकडा लक्षात ठेवा. जेपेग 8 बिटचा असतो म्हणजे एका रंगात 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये त्याच रंगाच्या 16384 पायऱ्या. पहाटेच्या आकाशात वर गडद निळ्यापासून खाली फिक्या केशरीपर्यंत जो हळूहळू उतरत जाणारा रंग असतो ना, तो जेपेगमध्ये जरा ओढला की पट्टे पट्टे पडतात. रॉमध्ये भरपूर ओढा, काही होत नाही.

सुरुवात लाइटटेबलपासून करतो, कारण यावर कोणी बोलतच नाही आणि माझ्या मते पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने हे सॉफ्टवेअर घ्यायचं अर्धं कारण हेच आहे. साधं गणित बघा, कॅमेरा सेकंदाला 20 फ्रेम मारतो, खंड्याने पाण्यात सूर मारला आणि तुम्ही तीन सेकंद बोट दाबून ठेवलंत, झाले 60 फोटो. एक फाईल 25 एमबी धरली तरी एका सुराचे दीड जीबी! असे दहा सूर झाले की घरी येऊन काय बघणार तुम्ही, कपाळ? डार्कटेबलमध्ये कलिंग मोड आहे, म्हणजे दोन, तीन, चार, पाहिजे तितके फोटो शेजारी शेजारी लावायचे आणि एकात झूम केलं की सगळे एकदम त्याच जागी झूम होतात. डोळ्यावर झूम करायचं, चारही फोटोतले डोळे एकाच वेळी समोर, कुठला शार्प आहे ते लगेच दिसतं, बाकीचे आर दाबून रिजेक्ट. एखादाच फोटो वेगळा सरकवायचा असेल तर शिफ्ट धरायचं. 0 ते 5 आकडे दाबून स्टार द्यायचे, एफ1 ते एफ5 ला रंगांचे टिळे. फोकस पीकिंग चालू केलं की जिथे फोकस आहे तिथे रंगीत ठिपके चमकतात, पण पिसांवर ते जरा फसवतं, पिसं नुसती कडक दिसली तरी ठिपके येतात आणि डोळा मऊ राहिलेला असतो, त्यामुळे शेवटी डोळ्यानेच डोळा बघा.

माझी पद्धत अशी, पहिल्या फेरीत फक्त रिजेक्ट, स्टार द्यायचेच नाहीत. दुसऱ्या दिवशी, हो दुसऱ्या दिवशीच, उरलेल्यांना एक स्टार. त्याच दिवशी सगळंच चांगलं वाटतं कारण थंडीत बसल्याची मेहनत आठवत असते, आणि मेहनत काही फोटोत दिसत नाही.

एडिटिंगकडे येतो. मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाची अवजारं, इतकी आहेत की सुरुवातीला यादी बघूनच गरगरतं, आणि एकच काम करणारी तीन-तीन मॉड्यूल असतात. कॉन्ट्रास्ट वाढवायला मी मोजले होते एकदा, पाच-सहा रस्ते सापडल्यावर सोडून दिलं. याचं कारण असं की जुनी पद्धत आणि नवी पद्धत दोन्ही आत नांदतायत. नव्या पद्धतीला सीन-रेफर्ड म्हणतात, म्हणजे बहुतेक सगळं काम समोर प्रत्यक्ष जितका उजेड होता त्या हिशोबात करायचं आणि अगदी शेवटाकडे तो सगळा पसारा स्क्रीनला झेपेल इतका दाबून बसवायचा. ते दाबून बसवायचं काम फिल्मिक आरजीबी किंवा सिग्मॉइड करतं. नवख्या माणसाने डोळे झाकून सिग्मॉइड घ्या. त्यात मुख्य स्लायडर दोनच, कॉन्ट्रास्ट आणि स्क्यू. फिल्मिक ताकदवान आहे पण त्यात पांढऱ्याची हद्द, काळ्याची हद्द हे सगळं हाताने ठरवायला लागतं, आणि मी त्यात तीन आठवडे घालवून जे काढलं ते सिग्मॉइडने दोन मिनिटांत काढलं. फिल्मिकवाले चिडतील, चिडू देत.

आणखी एक, मॉड्यूल तुम्ही कुठल्याही क्रमाने चालू करा, आतली पाइपलाइन आपल्या ठरलेल्या क्रमानेच चालते. म्हणजे क्रॉप (कापाकापी) आधी केलं की नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) आधी काढला याने रिझल्ट बदलत नाही. हे कळायच्या आधी मी कागदावर क्रम लिहून मॉनिटरला चिकटवला होता, घरच्यांना वाटलं डाएटचा तक्ता आहे.

त्या तळ्याच्या फोटोचं सांगतो, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. आयएसओ (संवेदनशीलता) 100, एफ 11 (लेन्सचं छिद्र लहान), शटर 1/8 सेकंद, ट्रायपॉडवर. मागे डोंगर, मध्ये धुकं, पुढे दगड, आणि आकाशात नुकता उजेड. आकाश जाऊ नये म्हणून मी एक्सपोजर कमीच ठेवलं होतं, त्यामुळे दगड काळेठिक्कर. पहिलं काम एक्सपोजर मॉड्यूल, दगड आणि पाणी नीट दिसेपर्यंत वर ढकललं, आकाश पांढरं झालं तरी घाबरायचं नाही, हेच समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण तो उजेड फेकून दिला जात नाही, आकडा मोठा होतो इतकंच, आणि पुढच्या मॉड्यूलमध्ये तो परत खाली आणता येतो. मग टोन इक्वलायझर. या एकट्या मॉड्यूलसाठी सुद्धा मी हे सॉफ्टवेअर ठेवीन. फोटोतला उजेड उणे 8 ते 0 ईव्ही (एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) असा नऊ भागांत वाटून दिलेला असतो आणि प्रत्येक भाग वेगळा वर-खाली करता येतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या फोटोग्राफरांनी 1939-40 च्या सुमारास झोन सिस्टीम, म्हणजे उजेड काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ठरावीक पायऱ्यांत वाटायची पद्धत, मांडली, ती माहीत असलेल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. मजा म्हणजे स्लायडर शोधायलाच नको, माउस आकाशावर न्यायचा आणि चाक फिरवायचं, त्या उजेडाचा जितका भाग आहे तितका खाली येतो, दगडांवर न्यायचा आणि उलटं फिरवायचं. आकाश एक स्टॉप खाली, दगड अर्धा स्टॉप वर. बारकावे सपाट होत नाहीत कारण आतला मास्क, म्हणजे कुठे किती परिणाम करायचा ते ठरवणारा पडदा, कडा सांभाळून चालतो. फक्त आधी मास्किंगच्या टॅबमध्ये जाऊन हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) नऊ भागांवर नीट पसरवून घ्यावा लागतो, त्यासाठी जादूच्या कांडीची बटणं दिलीयत, ती दाबायची. ती दाबली नाहीत तर सगळा फोटो दोनच भागांत गोळा होऊन बसतो आणि मग लोक म्हणतात टोन इक्वलायझर काही कामाचा नाही.

आणि मग मी माती खाल्ली. हेझ रिमूव्हल नावाचं मॉड्यूल दिसलं, चालू केलं, स्लायडर ओढला, डोंगर एकदम खणखणीत, झाड न झाड मोजता येईल असा. इतका खूश झालो की तसाच एक्स्पोर्ट करून मित्राला पाठवला. मित्र म्हणाला, "फोटो मस्त आहे, पण तू तर धुक्यासाठी गेला होतास ना?" बरोबर होतं. ज्याच्यासाठी साडेचारला उठलो ते धुकंच मी पुसून टाकलं होतं. मॉड्यूल आपलं काम चोख करतं, दुपारच्या धुरकट डोंगरांना एक नंबर आहे, पहाटेच्या धुक्याला मात्र हात लावायचा नाही. आता मी ते फक्त लांबच्या कड्यावर मास्क लावून, तेही अगदी चिमूटभर वापरतो.

मास्कवरून आठवलं, मास्क हा डार्कटेबलचा जीव आहे. ब्रश, गोल, लंबगोल, हवा तसा आकार, ग्रेडियंट हे काढायचे मास्क तर आहेतच, पण पॅरामेट्रिक मास्क म्हणजे फोटोतल्या उजेडावरून किंवा रंगावरून आपोआप निवडणारा मास्क, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळता येतात. आकाशावर ग्रेडियंट टाकला की तो मध्ये येणाऱ्या झाडाच्या शेंड्यालाही काळा करतो, हे जुनंच रडगाणं, इथे ग्रेडियंट प्लस "फक्त उजळ भाग" असं पॅरामेट्रिक लावलं आणि फेदरिंग (मास्क कडांना जुळवून घेणं) थोडं वाढवलं की झाड सुटतं. जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलला हे सगळं लावता येतं. काही सॉफ्टवेअरं आता एका क्लिकवर आकाश, पक्षी, सगळं स्वतः ओळखून निवडतात. मी वापरतो त्या व्हर्जनमध्ये तसं काही नाही, हाताने करावं लागतं, आणि बारीक फांद्यांमध्ये बसलेला पक्षी निवडायचा असेल तर हो, वैताग येतो.

रंगांबद्दल एक इशारा. व्हाइट बॅलन्स नावाचं मॉड्यूल आहे आणि कलर कॅलिब्रेशन नावाचंही आहे, नव्या पद्धतीत खरा व्हाइट बॅलन्स दुसऱ्यात करायचा असतो आणि पहिल्याला हात लावायचा नसतो. मी सवयीने पहिलाच ओढला, मग दुसराही ओढला, बगळा जांभळा झाला. वर लाल अक्षरात सूचना येते की व्हाइट बॅलन्स दोनदा लागतोय, मी ती महिनाभर वाचलीच नाही. चूक माझी, पण इतकी सरळ चूक करायला जागा ठेवलीच कशाला असं अजूनही वाटतं.

आता त्या बगळ्याचंच सांगतो. पांढरा पक्षी, मागे गडद झाडी, सकाळचं ऊन. कॅमेरा सगळी फ्रेम मोजतो, त्याला गडद जास्त दिसतं, तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून जातात. म्हणून मी कॅमेऱ्यातच उणे एक स्टॉप ठेवलं होतं. घरी येऊन उघडतो तर बगळा भगभगीत! पंधरा मिनिटं मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. नंतर कळलं की एक्सपोजर मॉड्यूलमध्ये कॅमेऱ्यातलं कॉम्पेन्सेशन परत भरून काढायचा एक ऑप्शन असतो आणि सीन-रेफर्डमध्ये तो आपोआप चालू असतो, म्हणजे मी जो स्टॉप उणे केला तो त्याने परत अधिक केला. त्यामागचा विचार कळतो, कॅमेऱ्यात कमी एक्सपोज केलं ते हायलाइट (उजळ भाग) वाचवायला, आता डेव्हलप करताना मिडटोन (मधला उजेड) जागेवर आणू. पण पांढऱ्या पक्ष्यासाठी मी तो टिक काढूनच टाकतो. फाईलमध्ये पिसं जळालीयत की नुसती स्क्रीनवर तशी दिसतायत हे बघायला रॉ ओव्हरएक्सपोज्डचं वेगळं इंडिकेटर आहे, ते चालू केलं तेव्हा एकही ठिपका आला नाही, सगळी पिसं शाबूत. सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट थोडा कमी, टोन इक्वलायझरमध्ये वरचे दोन भाग खाली, आणि गळ्यावरचं प्रत्येक पीस वेगळं दिसायला लागलं. तो फोटो मोठा प्रिंट करून घेतलाय.

रॉमध्येच तिन्ही रंग भरून गेले असतील तर मात्र कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. एखादाच रंग गेला असेल तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शन बाकीच्या दोघांवरून अंदाज बांधतं आणि बऱ्यापैकी बांधतं.

घुबड. इथे माझा एक स्टार गेला.

दाट झाडी, संध्याकाळ, घुबड ढोलीच्या तोंडाशी. आयएसओ 6400, शटर 1/200, त्याच्या खाली जायची हिंमत नव्हती. वर अंतर जास्त, म्हणजे क्रॉप. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 असतो, दोन्ही बाजू निम्म्या केल्या की 3000 बाय 2000, म्हणजे राहिले फक्त 6 मेगापिक्सेल आणि नॉइज दुप्पट मोठा दिसणार. लोक म्हणतात आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला, मुळात उजेडच कमी असतो म्हणून येतो. उजेड चौपट मिळाला तर सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण दुप्पट सुधारतं, म्हणून दोन स्टॉप जास्त उजेड मिळवणं हे नंतर कितीही स्लायडर ओढण्यापेक्षा भारी. पण घुबडाला कोण सांगणार की जरा उन्हात ये.

डार्कटेबलमध्ये डीनॉइज प्रोफाइल्ड आहे, त्यात वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची प्रत्येक आयएसओला नॉइज किती येते याची मोजलेली प्रोफाइल असतात, चालू केलं की तुमचा कॅमेरा ओळखून त्याप्रमाणे लागतं. रंगीत ठिपके छान जातात. आयएसओ 1600 पर्यंत मला काही तक्रार नाही, 3200 ला चालून जातं. 6400 आणि वर क्रॉप म्हटल्यावर एकतर दाणे राहतात नाहीतर पिसं मेणासारखी होतात, मधला रस्ता शोधण्यात संध्याकाळ जाते. हल्ली मशीन लर्निंगवाली जी पैशाची सॉफ्टवेअरं आहेत ती याच फाईलवर स्पष्टपणे पुढे आहेत, मित्राकडे एकाचं बघितलं, थक्क झालो. अर्थात त्यातही एका फोटोत घुबडाच्या पोटावर जी नक्षी आली ती मूळ फाईलमध्ये मला कुठेच दिसत नव्हती, म्हणजे ती पिसं घुबडाची की सॉफ्टवेअरच्या कल्पनेतली कोण जाणे. पण स्क्रीनवर टाकायचा फोटो असेल तर लोकांना तेच आवडणार. मी आता असं करतो, रंगाचा नॉइज काढतो, उजेडाचा थोडा दाणा राहू देतो, आणि मागची झाडी मास्क करून फक्त तिथे जोरात डीनॉइज लावतो. मागे मऊ, पक्ष्यावर थोडा दाणा. छोट्या साइझला एक्स्पोर्ट केलं की कळतसुद्धा नाही.

शार्पनिंगला डिफ्यूज ऑर शार्पन आहे, त्याचे स्लायडर बघून मला कॉलेजचं गणित आठवलं म्हणून मी फक्त प्रीसेट वापरतो. लेन्स डीब्लर मीडियम पक्ष्यांना, लोकल कॉन्ट्रास्टवालं डोंगरांना. रिझल्ट खरंच सुंदर, पण मशीनचा घाम काढतं. माझा लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड यथातथा, हे मॉड्यूल चालू असताना एक्स्पोर्ट लावला की मी उठून जाऊन हातपाय धुऊन येतो. ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डाकडून हिशोब करून घ्यायची सोय) चालणारं बरं कार्ड असेल तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो असं दुसऱ्याच्या मशीनवर बघितलंय. नुसता प्रोसेसर असेल तर एडिट करताना हे मॉड्यूल सगळ्यात शेवटी चालू करा.

फाईल कशा ठेवतं ते महत्त्वाचं आहे. मूळ रॉला ते कधीच हात लावत नाही, तुमचं सगळं एडिट रॉच्या शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये आणि आपल्या डेटाबेसमध्ये लिहितं. मी हे नीट न वाचता एक दिवस डिस्क भरली म्हणून फोल्डर सरळ उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकले, नेहमीच्या फाईल मॅनेजरमधून. डार्कटेबल उघडलं तर फोटोंच्या जागी कवट्या! खरोखर, फाईल सापडली नाही की ते कवटीचं चित्र दाखवतं. शेकडो कवट्या बघून माझ्या पोटात गोळा आला. पण एक्सएमपी फाईल सोबतच गेल्या होत्या, नवीन जागेवरून परत इम्पोर्ट केलं आणि सगळे एडिट, स्टार, टॅग जसेच्या तसे परत. म्हणजे बॅकअप घेताना रॉसोबत एक्सएमपी घ्यायलाच पाहिजेत, आणि फोल्डर हलवायचे असतील तर डार्कटेबलच्या आतूनच हलवा. ऐकाल तर कवट्या दिसणार नाहीत.

रीटच मॉड्यूलने क्लोन, हील सगळं करता येतं, सेन्सरवरच्या धुळीचे डाग मी त्यानेच काढतो, आकाशात फार दिसतात ते एफ 11 च्या पुढे. पण पक्ष्यासमोरची काडी काढायची का? लँडस्केपमध्ये मला काही वाटत नाही, प्लास्टिकची पिशवी तरंगत असेल तर काढतो बिनधास्त. वन्यजीवात नाही काढत. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा, मोठ्या वन्यजीव स्पर्धांमध्ये चित्रात नसलेलं घालायला किंवा असलेलं काढायला मनाई असते आणि मूळ रॉ मागतात. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेचं 2009 चं बक्षीस, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, 2010 च्या जानेवारीत रद्द झालं, कारण तो लांडगा जंगलातला नसून पाळलेला असावा असं परीक्षकांचं मत पडलं. म्हणजे फाईल शंभर टक्के खरी असूनही फोटो खोटा ठरू शकतो, त्यापुढे काडी म्हणजे किरकोळ. तरी नाही काढत.

आणि घरट्याचे किंवा दुर्मिळ प्राण्याचे फोटो टाकणाऱ्यांसाठी, एक्स्पोर्टमध्ये मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये जिओ टॅगचा टिक असतो, तो काढा. कॅमेरा किंवा फोन जीपीएस लिहीत असेल तर तुमचा फोटो म्हणजे त्या घरट्यापर्यंतचा नकाशा होतो. आतमध्ये मॅप व्ह्यू आहे, तुम्ही स्वतःसाठी जागा बघू शकता, बाहेर जायला नको.

काय नाही ते पटकन सांगतो. पॅनोरमा जोडता येत नाही, त्याला मी हगिन वापरतो, तेही फुकट. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र करणं, नाही. ब्रॅकेट केलेले (कमी-जास्त एक्सपोजरचे) रॉ जोडून एचडीआर (गडद-उजळ सगळं पकडणारा एकच फोटो) होतं, पण वारा असेल आणि गवत हलत असेल तर विसरा. लेयर नाहीत, हे पेंटिंगचं सॉफ्टवेअर नाही. अगदी नवीन कॅमेरा घेतला असेल तर त्याची रॉ लगेच उघडेलच असं नाही, घ्यायच्या आधी सपोर्टची यादी बघा. लेन्स करेक्शनला (लेन्सचे दोष काढायला) लेन्सफन या ओपन सोर्स प्रकल्पाचा डेटाबेस वापरतं, त्यात माझ्या दोन्ही लेन्स सापडल्या. फोनवर चालत नाही, फोनवरच एडिट करणाऱ्यांनी इथपर्यंत वाचलं असेल तर सॉरी.

मग घ्यावं का? मुख्यतः लँडस्केप असेल आणि दोन-तीन महिने डोकं खाजवायची तयारी असेल तर आजच घ्या. मी आता एका फोटोला सहा-सात मॉड्यूलच वापरतो, एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, टोन इक्वलायझर, लेन्स करेक्शन, डीनॉइज, कधी डिफ्यूज. बाकीची लपवून ठेवलीत, क्विक ॲक्सेसच्या पॅनेलमध्ये आपल्याला हवे तेवढेच स्लायडर आणून ठेवता येतात, हे पहिल्याच दिवशी करा. मुख्यतः कमी उजेडातले पक्षी-प्राणी असतील तर निवड आणि रंग इथे करा आणि नॉइजसाठी वेगळं काहीतरी हाताशी ठेवा. आणि आज फोटो काढला, आजच टाकायचा, अशा घाईत असाल तर नका घेऊ, कॅमेऱ्याचा जेपेग काही वाईट नसतो.

पाचपैकी चार. पाचवा स्टार घुबडाकडे अडकलाय, नवीन व्हर्जन आलं की, आणि मध्येमध्येही, मी तीच आयएसओ 6400 वाली फाईल डुप्लिकेट करून परत पहिल्यापासून बसतो, आत्तापर्यंत तिच्या अकरा कॉप्या झाल्यात आणि नववी मला त्यातल्या त्यात बरी वाटते.